खरवडलेल्या जागा

चोविसाव्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या प्रत्येक खांबाला बाहेरून एक लोखंडी प्लेट आहे. साधारण हातभर लांब, हातभर रुंद. काँक्रीट ओतायच्या आधीच ती साच्याला आतून लावून ठेवतात. मागे तिला जाड सळया वेल्ड केलेल्या असतात, त्यामुळे काँक्रीट घट्ट झालं की ती खांबाचाच भाग होऊन जाते. त्या प्लेटांना पुढे तुळया जोडायच्या होत्या, तुळयांवर रस्त्याच्या दिशेने बाहेर आलेली एक मोठी गच्ची व्हायची होती आणि गच्चीवर झाडं. त्यातलं काहीच झालं नाही. दोन महिन्यांपूर्वी काचेचं काम तो मजला ओलांडून वर गेलं आणि प्लेटा काचेआड गेल्या. आता खालून बघणाऱ्याला तिथे काही वेगळं दिसत नाही. माझी नजर मात्र दर वेळी तिथेच अडते.

शहराच्या ऐन मध्यात उभी राहिलेली ही ४२ मजली इमारत मी पाच वर्षं रोज बघते आहे. माझ्या कामाच्या जागेची खिडकी बरोबर तिच्या समोर आहे. आधी तिथे एक जुनी बैठी इमारत होती. ती पाडली, भोवती पत्रे लागले आणि पत्र्यांवर एक भलंमोठं चित्र लागलं. वर निमुळता होत गेलेला टोकदार माथा, मध्यावर हिरवी गच्ची आणि तळाशी, रस्त्याला लागूनच, एक मोकळा चौक. चौकात बाकं, बाकांवर बसलेली माणसं, एक सायकल धरून उभी असलेली मुलगी. मला ते चित्र फार आवडलं. मी थांबून त्याचा फोटो काढला आणि त्या रविवारी मामाला दाखवला.

माझा मामा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होता. संगणक यायच्या आधीची त्याची निम्मी नोकरी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनांनी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. फोटो त्याने डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग परत दिला. म्हणाला, "हे चित्र आहे गं. ड्रॉइंग नव्हे. ड्रॉइंगला नंबर असतो."

मग त्याने जे सांगितलं, त्यामुळे माझी पुढची पाच वर्षं या इमारतीकडे बघायची रीतच बदलली. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात नकाशाचा क्रमांक, मोजमापाचं प्रमाण, कोणी काढला, कोणी तपासला आणि त्याच्या वर बदलांची यादी. नकाशात काही बदललं की बदललेल्या भागाभोवती ढग काढायचा. खरोखरचा ढग, छोट्या छोट्या कमानी जोडून केलेला. ढगाशेजारी एक त्रिकोण आणि त्रिकोणात बदलाचा क्रमांक. तोच क्रमांक कोपऱ्यातल्या यादीत, तारखेसकट. साइटवरच्या माणसाने नवा नकाशा हातात घेतला की आधी ढग शोधायचे. "नकाशा बदलतोच," मामा म्हणाला. "न बदललेला नकाशा मी एकही पाहिला नाही. बदलाला भ्यायचं नसतं. ढग न काढता केलेल्या बदलाला भ्यायचं."

ट्रेसिंगवरची शाई रबराने जायची नाही, ब्लेडच्या कोपऱ्याने हलक्या हाताने खरवडावी लागायची. एकाच जागी पुन्हा पुन्हा बदल झाला की कागद तिथे झिरझिरीत व्हायचा. मामा सांगायचा, जुनं ट्रेसिंग उजेडासमोर धरलं की ती इमारत करणाऱ्यांची मनं कुठे कुठे बदलली ते कळतं. तिथून उजेड जास्त येतो.

पहिलं वर्ष जवळजवळ सगळं जमिनीखालीच गेलं. खड्डा खोल होत गेला, पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस घरघरत राहिले आणि लोकांना वाटायला लागलं की काम बंद पडलंय. तसं होतंही. शिकागोमध्ये वास्तुविशारद सांतियागो कालात्रावाच्या पिळदार मनोऱ्याचं काम २००७ साली सुरू झालं, २००८ मध्ये पैशाअभावी थांबलं आणि पुढे कित्येक वर्षं त्या जागी फक्त एक प्रचंड गोल खड्डा राहिला. आमच्या खड्ड्यात मात्र एका शुक्रवारी संध्याकाळी काँक्रीटच्या गाड्यांची रांग लागली आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलती राहिली. राफ्ट ओतत होते, म्हणजे सगळ्या इमारतीखालची एकसंध जाड लादी. ती मध्ये थांबून ओतता येत नाही. आधीचा थर घट्ट व्हायला लागला की नंतरचा त्याला नीट धरत नाही आणि सांधा कच्चा राहतो. शिवाय एवढं जाड काँक्रीट घट्ट होताना स्वतःच तापतं. आतून फार तापलं आणि वरून लवकर गार झालं तर तडकतं. म्हणून ते ओतण्याआधी गार करतात, पोटात तापमान मोजणाऱ्या तारा सोडतात आणि वरून पांघरूण घालतात. त्या रात्री मी उशिरापर्यंत थांबले होते. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात रबरी बूट घातलेली माणसं गुडघाभर काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरचे पाइप खुपसत सरकत होती. आज त्या जागेवर माणूस कधीच पोचणार नाही, पण सगळं ओझं तिथेच टेकलंय.

जमिनीवर आल्यावर इमारतीला लय सापडली. आधी मधला कोअर, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांभोवतीच्या जाड भिंती. कोअरचा साचा स्वतःच जॅकवर वर चढतो, त्यामुळे कोअर नेहमी तीन-चार मजले पुढे. त्याच्या मागून खांब, मग शटरिंग, सळयांची जाळी, स्लॅब. सुरुवातीला एका स्लॅबला तीन आठवडे लागले, मग दोन, आणि पंधराव्या मजल्यानंतर जवळपास आठवड्याला एक. सोमवारी सकाळी मी खिडकीशी उभी राहायचे आणि सळया बांधणाऱ्यांची वाकलेली पाठ बघून ओळखायचे, स्लॅब गुरुवारी पडणार. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा सांगाडा १९३० साली आठवड्याला सरासरी साडेचार मजले या वेगाने चढला होता, पण तो पोलादाचा. काँक्रीटला घट्ट व्हायला त्याचा त्याचा वेळ द्यावाच लागतो.

पहिला मोठा बदल मला पत्र्यावरच्या नव्या चित्रात दिसला. इमारतीचे चारही धारदार कोपरे गेले होते. त्यांच्या जागी आत खचलेले, दुमडल्यासारखे कोपरे आले आणि टोकदार माथा बोथट झाला. मला वाईट वाटलं. पहिल्या चित्रातल्या त्या धारेवरच मी भाळले होते. मामाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि लगेच म्हणाला, "वाऱ्याने सांगितलंय हे."

उंच इमारतीला वजनापेक्षा वारा जास्त छळतो. वारा तिच्या कडांवरून सुटताना कधी डावीकडे, कधी उजवीकडे भोवरे सोडतो. त्या भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या झुलण्याच्या तालाशी जुळला की ती वाऱ्याला आडवी हेलकावे खायला लागते. कोपरा जितका धारदार, तितके भोवरे नेमाचे. म्हणून इमारतीचं छोटं प्रतिरूप करून ते बोगद्यात वाऱ्यासमोर ठेवतात आणि ते जे सांगेल तसा आकार बदलतात. तैपेई १०१ ही ५०८ मीटर उंच इमारत. तिचे कोपरे अशाच चाचण्यांनंतर दातेरी केले आणि वाऱ्याचा भार साधारण पाव हिश्शाने उतरला. बुर्ज खलिफाच्या ४० हून जास्त चाचण्या झाल्या. तिचे अभियंते विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या वर वर अरुंद होत जाणाऱ्या टप्प्यांचा क्रम बदलला, इमारत थोडी फिरवली, सगळं अशासाठी की वाऱ्याला कुठल्याच उंचीवर भोवऱ्यांची घडी बसवता येऊ नये. तिचं काम सुरू असतानाही उंची वाढतच राहिली आणि २०१० साली ती खुली झाली तेव्हा ८२८ मीटर भरली.

हे कळल्यावर आमच्या इमारतीचे दुमडलेले कोपरे मला पहिल्या धारेपेक्षा सुंदर दिसायला लागले. मी मनाची समजूत घातली असं नाही. पहिला कोपरा एका माणसाने टेबलावर काढला होता, दुसरा त्या माणसाने आणि वाऱ्याने मिळून काढला आणि ते दिसतं. दुपारी तीनच्या सुमारास ऊन तिरपं आलं की त्या घडीत सावलीची एक उभी रेघ पडते. ती तळापासून माथ्यापर्यंत अखंड जाते.

गच्ची गेली ती तिसऱ्या वर्षी. खांब ओतून झाले होते, प्लेटा बसल्या होत्या. मी दुर्बिणीतून त्या बघितल्या होत्या आणि तुळया कधी चढतात याची वाट बघत होते. पंचविसावा मजला झाला, सव्विसावा झाला, तुळया आल्याच नाहीत. प्रकल्पाचे परवानगीचे सुधारित नकाशे बघायला खुले होते, ते मी शोधून काढले. चोविसाव्या मजल्याभोवती ढग होता. त्रिकोणात ३. यादीत एकच ओळ, 'गच्ची वगळली', आणि तारीख. कारण लिहिलेलं नव्हतं. कारणं असू शकतात, नाही असं नाही. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते, तेवढ्या उंचीवर झाड वाऱ्यात टिकवणं सोपं नाही, पाणी झिरपतं, आणि हे सगळं खर्चाचं काम. तरी मी दोन दिवस चिडलेली होते.

मामाची बाजू वेगळी होती. त्याला माथ्याचं किंवा गच्चीचं काही नव्हतं. त्याला पायाची काळजी. वरचं काही कमी झालं तर खालच्याला त्रास नाही, वाढलं तर बघावं लागतं, असं तो म्हणाला. त्यावरून मला शांघायचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आठवलं. १९९७ मध्ये त्याचा पाया घातला गेला, आशियातल्या आर्थिक संकटात काम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा इमारत ४६० मीटरची ४९२ मीटर करायचं ठरलं. पण पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल जाणारे खांब, आधीच ठोकलेले होते, आणि ते छोट्या इमारतीच्या हिशोबाचे. तेव्हा अभियंते लेस्ली रॉबर्टसन यांनी वरचा सगळा सांगाडाच हलका केला, उंच झालेली इमारत आधीपेक्षा कमी वजनाची केली आणि जुन्या पाइलवर उभी केली. तिच्या माथ्याला गोल छिद्र ठरलं होतं. ते उगवत्या सूर्यासारखं दिसतं, जपानी झेंड्यासारखं, म्हणून चीनमध्ये विरोध झाला आणि त्याचं चौकोनी, वर रुंद असलेलं छिद्र झालं. २००८ साली ती पुरी झाली. छिद्राबद्दल सगळे बोलतात. मला मात्र त्या पाइलबद्दल जास्त वाटतं. जे आधीच जमिनीत गेलंय त्याला विचारून वरचं ठरवायचं, यात एक सभ्यपणा आहे.

कधी कधी बदल एवढासा असतो आणि प्रश्न मोठा उभा राहतो. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरच्या खांबाला एक शिल्पासारखं आवरण चढवायचं होतं. ते २०१२ साली वगळलं, देखभाल करणं अशक्य म्हणून. मग वाद सुरू झाला की आवरण नसलेला तो खांब हा इमारतीचा कळस की नुसता अँटेना? कळस म्हणून धरला तर उंची १,७७६ फूट, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचं साल. नाही धरला तर १,३६८ फूट, म्हणजे शिकागोच्या विलिस टॉवरपेक्षा कमी. २०१३ मध्ये उंच इमारतींची मोजमापं ठरवणाऱ्या मंडळाने तो कळसच ठरवला.

पण ढग न काढता केलेल्या बदलाला भ्यायचं, या मामाच्या वाक्याचा खरा अर्थ मला कळला तो सिटीकॉर्प सेंटरची हकिकत वाचल्यावर. न्यूयॉर्कमधली ५९ मजली इमारत, १९७७ सालची. जागेच्या कोपऱ्यात एक चर्च होतं, म्हणून मुख्य अभियंते विल्यम लेमेझ्यूरिए यांनी इमारतीचे प्रचंड खांब कोपऱ्यांत न देता चारही बाजूंच्या मधोमध दिले आणि भार तिरप्या पोलादी दांड्यांनी त्यांच्याकडे आणला. दांड्यांचे सांधे वेल्ड करायचे होते. कामाच्या दरम्यान त्याऐवजी बोल्ट वापरायचं ठरलं, स्वस्त आणि सोपं म्हणून. असे बदल रोज होतात, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, लेमेझ्यूरिए यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचलीसुद्धा नाही. १९७८ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवरून लेमेझ्यूरिए यांनी हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा लक्षात आलं की वारा समोरून न येता कोपऱ्यावर तिरका आला तर काही दांड्यांवर ताण बराच वाढतो आणि बोल्टचे सांधे तो पेलणार नाहीत. त्यांच्या हिशोबाने मोठ्या वादळात इमारत पडू शकली असती. त्यांनी ते स्वतः मालकांना जाऊन सांगितलं. मग रोज संध्याकाळी लोक घरी गेले की वेल्डर आत यायचे, भिंतीचं पॅनेल काढायचे, सांध्यावर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड करायचे आणि सकाळच्या आत सगळं झाकून जायचे. आत काम करणाऱ्यांना, शेजारी राहणाऱ्यांना खरं कारण सांगितलं गेलं नाही. शहरातली वर्तमानपत्रं त्या काळात संपामुळे बंद होती. लोकांना हे कळलं १९९५ साली.

हे मी मामाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या बोल्टला ढग काढला असता, तर कोणीतरी बघितलं असतं." बघितलंच असतं असं नाही, मी म्हटलं. "नाही," तो म्हणाला, "पण बघायला जागा राहिली असती."

चौकाची गोष्ट इथेच सांगते, कारण तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चौथ्या वर्षी पत्र्यावर आणखी एक चित्र लागलं. त्यात बाकं नव्हती. चौकाच्या जागी गाड्या थेट दाराशी येण्यासाठी वळणारा रस्ता होता, त्यावर काचेचं छत आणि दोन्ही बाजूंना कुंडीतल्या रोपांच्या रांगा, चालणाऱ्याला आत शिरता येऊ नये अशा. सायकलवाली मुलगीही गेली होती. मी पुन्हा नकाशे काढून बसले. तळमजल्याचा नकाशा नवा होता, पण त्यावर ढग नव्हता. यादीत फक्त 'अंतर्गत किरकोळ फेरफार' एवढंच. शेकडो लोक रोज जिथे पाच मिनिटं टेकू शकले असते, ती जागा किरकोळ फेरफारात गेली होती. गच्ची गेली ती नीट सांगून गेली. तिच्यावर माझा राग होता आणि उतरला. चौक न सांगता गेला. मी विचारणा करणारं पत्र लिहिलं, त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

काच चढायला लागली ती त्यानंतर. एक मजला उंचीचं तयार पॅनेल, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट. वरच्या मजल्यावरच्या छोट्या क्रेनने ते बाहेरून उचलायचे आणि आतली दोन माणसं हात बाहेर काढून हळूच खाचेत बसवायची. त्यांच्या कमरेचा पट्टा मागे खांबाला बांधलेला. पॅनेल टेकलं की दोघांतला एक तळव्याने काचेवर दोनदा थाप द्यायचा. आवाज मला ऐकू यायचा नाही, पण ती थाप मी शेकडो वेळा बघितली. काच ही इमारतीची सगळ्यात बाहेरची गोष्ट, म्हणून तिच्यातली चूक लपत नाही. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ च्या वादळी वाऱ्यात निखळून पडायला लागल्या आणि इमारत किती तरी दिवस प्लायवूडचे तुकडे लावून उभी होती. दुहेरी काच जोडणारा शिशाचा सांधा फार ताठ होता, काचेला जरासुद्धा हलू देत नव्हता. शेवटी दहा हजारांवर काचा बदलल्या.

गेल्या आठवड्यात टॉवर क्रेन उतरवली. दोन दिवस लागले. तिच्याशिवाय आकाश मोकळं दिसतं आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही.

रविवारी मी पहिल्या चित्राचा तो फोटो मोठा छापून मामाकडे नेला. शेजारी परवा काढलेला पूर्ण इमारतीचा फोटो. त्यावर मी पेन्सिलीने चोविसाव्या मजल्याभोवती ढग काढला, त्रिकोण काढला, त्यात ३ लिहिलं. मग तळाशी, चौकाभोवती, दुसरा ढग काढला आणि त्याच्या त्रिकोणात ४. मामाला आता कडेचं दिसत नाही, तो कागद तिरपा करून बघतो. त्याने खालच्या ढगावर बोट ठेवलं.

"कमानी उलट्या काढल्यास. आतल्या बाजूला फुगल्यात. ढग बाहेर फुगतो."

मी रबर शोधायला लागले. त्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि माझ्या ढगाच्या बाहेरून, थरथरत्या हाताने, एक एक कमान काढायला सुरुवात केली. चौक मोठा होता. पुरा ढग व्हायला बराच वेळ लागला. मग त्याने त्रिकोणाशेजारी बोट ठेवून विचारलं, "तारीख?"